प्रफुल्लचा पहिला प्रश्न

शालिकभाऊ, प्रफुल्लनं आज प्रश्न विचारला.

मागणी नव्हे, ओरडणं नव्हे, कुणाचं ऐकून केलेली पोपटपंची नव्हे. प्रश्न. शेवटी ‘का’ असलेला, आवाज वर चढलेला, उत्तरासाठी थांबलेला अस्सल प्रश्न. सत्तावीस वर्षांचा गडी, ज्याच्या सगळ्या शब्दांची यादी माझ्या फायलीत अर्ध्या पानात मावते, त्यानं आज दुपारी चार वाजता माझ्या कानाशी तोंड आणून मला काहीतरी विचारलं, आणि मी घरी आल्यापासून नुसत्या येरझारा घालते आहे.

तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाले. अशा वेळी माणसानं हळू बोलावं, डोळे टिपत लिहावं, हे मला कळतं. पण काय करू, आनंद पोटात मावत नाहीये. नवऱ्याला दोनदा सांगितलं. तो म्हणाला, छान झालं की, आणि भाजी कोणती करायची ते विचारलं. त्याचा दोष नाही. हा आनंद कळायला माणसानं सहा वर्षं प्रफुल्लच्या शेजारी बसलेलं असावं लागतं. अशी माणसं दोनच होती, आणि त्यातलं एक तुम्ही. तेव्हा जिथे असाल तिथे जरा टेका आणि ऐका. क्रमानं सांगते, कारण मी घाईनं सांगायला लागले की तुम्ही म्हणायचात, म्याडम, पयले पोतं कोठी ठेवाचं ते पाहा, मंग उचला.

तुम्ही कार्यशाळेत आलात तेव्हा मी तुमच्या नावावर आधीच फुली मारून बसले होते. मी साताऱ्याकडची, नवऱ्याच्या बदलीनं नागपुरात येऊन तीन महिने झालेली, हातात विशेष शिक्षणाची पदविका आणि डोक्यात तिचा ताठा. आमची संस्था लहान. शहराच्या टोकाला, वाडीजवळ, गोदामांच्या रांगेमागे, बौद्धिक अक्षमता असलेल्या वीस-बावीस प्रौढ माणसांनी कागदी पिशव्या आणि फायलींची कव्हरं करायची, वरच्या मजल्यावर राहायचं. त्यातला प्रफुल्ल रामटेकजवळच्या गावचा, सहा फुटी, आई नाही, वडिलांची धानाची शेती. सोमवार ते शनिवार आमच्याकडे, रविवारी घरी. एरवी पिशवीची घडी नखानं अशी बसवायचा की दुकानदार बघत राहावा. पण बिनसलं की स्वतःचंच मनगट कडकडून चावायचा, भिंतीवर डोकं आपटायचा, मध्ये येईल त्याला भिरकावून द्यायचा. आम्ही दोन बायका आणि एक वॉचमन, आमचा काय पाड लागणार? म्हणून सरांनी, म्हणजे आमच्या व्यवस्थापकांनी, ट्रान्सपोर्टच्या गोदामातून तुम्हाला आणलं. तीस वर्षं पोती वाहून तुमचा गुडघा गेला होता, पण हात शाबूत होते. हजेरीपटावर तुमचं पद ‘मदतनीस’. बोलताना मात्र सगळे विचारायचे, धरणारा आला का आज?

त्या शब्दानंच माझं डोकं फिरायचं. ही कार्यशाळा आहे की आखाडा, असं मी सरांना तुमच्या तोंडावर विचारलं होतं. तुम्ही ऐकलंत, कोपऱ्यातला झाडू घेतलात आणि व्हरांडा झाडायला निघून गेलात.

मला वाटलं होतं, तुम्ही त्याला चीत कराल. पहिल्याच आठवड्यात तशी वेळ आली. तुम्ही मागून गेलात, हात त्याच्या छातीवरून न घेता दोन्ही दंडांवरून वळवलेत आणि त्याला घेऊन सावकाश खाली बसलात. तुमची पाठ भिंतीला, त्याची पाठ तुमच्या पोटाला. तो उसळत होता. तुम्ही बसला होतात, एसटीत शेजारच्या अनोळखी माणसाला झोप लागली की आपण खांदा न हलवता बसतो तसे. मधूनमधून त्याच्या कानात काहीतरी पुटपुटत होतात, ते मला ऐकू येत नव्हतं. थोड्या वेळानं हात काढलेत, तो उठला, पाणी प्यायला आणि पिशव्यांकडे गेला.

असे दोन महिने गेले असतील. आणि मग एक दिवस, तुम्ही धरलेलं असताना, प्रफुल्ल स्वच्छ बोलला, “आलं.”

मी तत्काळ टिपून घेतलं. आमचा एक तक्ता असतो, तुम्हाला त्याचा भारी तिटकारा: आधी काय घडलं, मग त्यानं काय केलं, त्यानंतर काय झालं. मी तो चाळला. बहुतेक भडके दुपारी चारच्या सुमाराचे. चारला काय असतं? स्वयंपाकघरात सुशीलाताई चहा टाकतात. चहात काय असतं? झालं, माझी ट्यूब पेटली. फायलीत लिहिलं: ‘चहाच्या वासाने अस्वस्थ होतो. आलं मागतो.’ त्याखाली लाल रेघही मारली, इतकी मी स्वतःवर खूश होते. दुसऱ्या दिवसापासून पावणेचारला प्रफुल्लच्या हातात आल्याचा तुकडा. त्यानं तो खिडकीबाहेर फेकला. मग किसलेलं आलं गुळात कालवून. तेही गेलं. शेवटी साताऱ्याहून आईला आलेपाकाच्या वड्या पाठवायला लावल्या, डबाभर. त्या तो तुमच्या हातात कोंबायचा आणि तुम्ही मुकाट्यानं खायचात. तीन आठवडे तुम्ही रोज आलेपाक खाल्लात, ठसका लागून डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

सुशीलाताईंनी अखेर चहाच्या कपाबरोबर माझ्या कानावर घातलं की म्याडम, आमच्या इकडं त्याले अद्रक म्हंतेत, अन् प्रफुल्लच्या घरी तं चहात टाकतच नाईत. मी तरातरा तुमच्याकडे आले. मग हा मागतो काय? तुम्ही पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरायला लागलात.

“मले वाटलं, काही विलाज असन तुमच्या पुस्तकातला. म्हून खाल्लं.”

मी हसायला लागले ते थांबेना. तुम्हीही हसलात, आधी तोंडावर हात धरून, मग तो काढून. प्रफुल्ल आपल्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होता. माझी पदविका त्या दिवशी भिंतीवरून उतरली, ती मी पुन्हा टांगली नाही.

आणि मग तुम्ही मला समजावून सांगितलंत. गोदामात दोघं जण पोतं उचलून तिसऱ्याच्या पाठीवर देतात. दिलं म्हणून लगेच हात काढायचे नसतात. खालचा माणूस पाय रोवतो, वजन अंगावर घेतो, आणि मग म्हणतो, आलं. म्हणजे ओझं माझ्यावर आलं, मी पेललं, आता तुम्ही सोडा. त्यानं म्हणायच्या आधी सोडलं तर त्याची मान जाते. म्हटल्यावरही धरून ठेवलं तर तोल जाऊन तो पोत्यासकट कोसळतो. भिवापूरची मिरची असो की सिमेंट, नियम एकच. मुकादम असला तरी खालच्याच्या वतीनं ‘आलं’ म्हणायचं नाही.

“वझं ज्याच्या पाठीवर हाय, म्हनाचं त्यानंच. मी तं नुसता हात लावून राहिलो, म्याडम. राग त्याचा हाय. पेलवला का, तो सांगन.”

तेच तुम्ही त्याच्या कानात पुटपुटत होतात: आलं का, आलं का. दोन महिने एकतर्फी. मग त्याला उमगलं की हा एवढासा शब्द उच्चारला की हे दांडगे हात सुटतात. म्हटल्याबरोबर सुटतात. तुम्ही कधी ‘अजून दोन मिनिटं’ केलं नाहीत. एकदा त्यानं म्हटलं, तुम्ही सोडलंत, आणि त्यानं गर्रकन फिरून तुमच्या नाकावर ठोसा मारला. रक्त थांबवता थांबवता तुम्ही मलाच समजावत होतात की त्याचा अंदाज चुकला, नव्या हमालाचाही चुकते. मी वर्गात शिकले होते की कधी धरायचं, कितींनी धरायचं, धरल्यावर कोणत्या कागदावर सही करायची. सोडायचं कधी हे धरलेल्या माणसानं ठरवायचं, असं मला कुणी शिकवलं नव्हतं.

तरी आपलं भांडण मिटलं नाही, आणि ते मिटलं नाही याचा मला आज अभिमान वाटतो. मी म्हणायची, धरणं ते धरणंच, मऊ हातानं धरलं म्हणून काय झालं, कारण शोधा. तुम्ही म्हणायचात, कारण सापडेस्तोवर त्यानं डोस्कं फोडून घेतलं तं? मी ‘आमची मुलं’ म्हणायची. तुम्ही कप खाली ठेवून विचारायचात की ज्याची दाढी मी रोज करून देतो त्याले मूल काहून म्हंता. मग मी पुन्हा तक्त्यावर घसरायची. पण तक्त्यानं कामही केलं, हे मान्य करा. चारला चहा असतो तसे चारला गोदामांचे ट्रकही निघतात, आणि सगळे एकदम एअरहॉर्न वाजवतात. प्रफुल्लचं टेबल मागच्या खोलीत हलवलं आणि रोजचं धरणं महिन्या-दोन महिन्यांवर गेलं. तुम्ही ती हार तुमच्या पद्धतीनं मान्य केलीत. म्हणालात, काम कमी केलं तुम्ही माहं, आता दाढीच कराले ठेवा मले.

ती दाढी. तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. गालाला ब्रश लागला की तो पिसाळायचा, म्हणून आधी तुम्ही स्वतः पाटावर बसायचात आणि ब्रश त्याच्या हातात द्यायचात. तो तुमचे कान, भुवया, अर्धं टक्कल, सगळ्याला फेस फासायचा. मग तुम्ही आरशात बघून म्हणायचात, वा गा, आणि पाटावर त्याला बसवायचात. मी म्हणायची, अर्धा तास वाया जातो. तुम्ही म्हणायचात, जाऊ द्या, त्याले मालूम पडते ना कसं लागते ते.

आता एक गोष्ट, जी मला सांगता यावी म्हणून तुम्हाला जावं लागलं. लिहिताना लाज वाटते, पण तसंच आहे.

मागच्या उन्हाळ्यात तुम्ही भाचीच्या लग्नाला गेला होतात. कूलर बंद पडला होता, सगळेच वैतागलेले. प्रफुल्लनं वॉचमनला ढकललं आणि आम्ही चौघांनी मिळून त्याला खाली पाडलं. पालथं. वॉचमनचा गुडघा त्याच्या पाठीवर, सर आणि दुसऱ्या बाई हातांवर, मी पायांवर. पालथं पाडून पाठीवर वजन टाकलं की श्वास कोंडून माणूस दगावू शकतो, हे मी शिकलेली होते, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. आणि तो म्हणाला, आलं. गाल फरशीला चेपलेला, त्यामुळे शब्द नीट फुटत नव्हता. तीनदा म्हणाला. बाकीच्यांना त्या शब्दाचा अर्थ माहीत नव्हता. मला होता. मी ऐकलं, आणि सोडलं नाही, कारण मला भीती वाटत होती. सुशीलाताई धावत आल्या, त्याचे ओठ बघा म्हणाल्या, तेव्हा आम्ही बाजूला झालो. त्याचा श्वास परत आला, पण त्यात माझी काही करामत नव्हती. फायलीत मी लिहिलं, ‘आवश्यक तेवढाच आवर घातला.’

तुम्ही लग्नाहून परत आलात, त्याच्या दंडांवरचे वळ पाहिलेत. माझ्यावर ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही इतकंच विचारलंत:

“त्यानं म्हटलं होतं का?”

मी म्हणाले, नाही.

तुम्ही मान हलवलीत आणि त्याच्या दंडांना तेल चोळायला बसलात. तुम्हाला खरं कळलं होतं का? मला वाटतं, कळलं होतं. कारण त्यानंतर तुम्ही एक दिवसही सुट्टी घेतली नाहीत. गुडघा सुजला तरी आलात, छातीत दुखतं म्हणून वहिनी रागावत होत्या तरी आलात. तुमच्या खोलीवर गेले तेव्हा वहिनींनीच मला हे सांगितलं, आणि कौतुकानं सांगितलं. मी खाली मान घालून ऐकत बसले.

तुमच्यानंतरचे दिवस वाईट गेले. सर वाईट माणूस नाहीत, घाबरलेला माणूस आहेत. त्यांनी ‘सोय होईपर्यंत’ प्रफुल्लला घरी पाठवलं. दहा दिवसांनी तो परत आला तेव्हा दोन्ही घोट्यांवर दोरीचे वळ. वडिलांनी काही लपवलं नाही. धानाच्या रोवणीचे दिवस, मी शेतात, घरी कोनी नाई, काय करू, असं म्हणाले आणि माझ्याकडे न बघता पिशवी ठेवून गेले. इकडे ऑफिसात एक खुर्ची येऊन थांबलेली. लोखंडी, खाली चाकं, निळं रेक्झिन, छातीला पट्टा, मनगटांना पट्टे, घोट्यांना पट्टे. शनिवारपर्यंतच्या बोलीवर, पसंत नाही पडली तर परत. सरांनी मला स्वच्छ सांगितलं की आता धरायला कोणी नाही, तेव्हा एक तर ही खुर्ची, नाही तर प्रफुल्ल कायमचा घरी. म्हणजे पट्टा की दोरी, एवढंच ठरवायचं होतं. मी पाच दिवस सरांशी भांडले. रडायला मला सवडच झाली नाही.

आणि तुम्ही वारलात हे प्रफुल्लला कोणी सांगितलंच नव्हतं. शालिकभाऊ गावाला गेले, असं सगळे म्हणत होते. तो रोज तुमच्या भिंतीशी जाऊन बसायचा, पाठ आणि भिंत यांच्यामध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. आज साडेतीनला मी त्याच्यासमोर जाऊन बसले आणि सांगितलं. शालिकभाऊ वारले. गावाला गेलेले नाहीत. परत येणार नाहीत. त्याच्याशी एकदा खोटं वागून झालं होतं, तेवढं पुरे होतं. त्यानं ऐकून घेतलं. उठून टेबलाशी गेला, दोन पिशव्या चिकटवल्या. तिसरी फाडली.

मग जे झालं त्याला आमच्या कागदांवर ‘आव्हानात्मक वर्तन’ म्हणतात. कुणाच्याही घरात त्याला रडणं म्हणतात. टेबल उलटं झालं, खळीचं भांडं भिंतीवर फुटलं, त्यानं मनगट दातांत धरलं. सर खुर्ची ढकलत घेऊन आले, मागे वॉचमन. म्हणाले, मॅडम, बाजूला व्हा. मी झाले नाही. मी अठ्ठेचाळीस किलोची बाई, मी त्याला धरणार काय कपाळ. त्याच्या पाठीवर दोन्ही तळवे ठेवले आणि तुमच्यासारखं विचारलं, आलं का? काही नाही. पुन्हा विचारलं, आणि त्या दुसऱ्या वेळी माझाच आवाज फुटला. सोळा दिवसांचं सगळं एकदम वर आलं, शालिकभाऊ. खळीनं बरबटलेल्या फरशीवर उभी राहून मी हमसाहमशी रडत होते आणि माझे तळवे त्याच्या पाठीवरच होते.

त्याला ते कळलं. त्यानं मनगट तोंडातून काढलं, वळला आणि मला धरलं.

मागून. दंडांवरून. मला घेऊन सावकाश खाली बसला, त्याची पाठ भिंतीला, माझी पाठ त्याच्या पोटाला. वॉचमन पुढे आला, मी जमेल तेवढा पंजा उचलून त्याला थांबवलं. भीती वाटली का? वाटली, खोटं कशाला बोलू. त्याचे दंड माझ्या मांडीएवढे आहेत. पण ती पकड माझ्या ओळखीची होती. सहा वर्षं बाहेरून पाहिलेली, आज आतून कळली. छातीवर भार नाही, श्वास मोकळा, बोटं कुठे रुतत नाहीत. आणि मग त्याचं तोंड माझ्या कानाशी आलं.

“आलं का?”

शालिकभाऊ, ‘का’! ‘आलं’ हा शब्द तो वर्षानुवर्षं वापरतो आहे, पण तो स्वतःसाठी. आज त्यानं त्याला ‘का’ लावला. स्वतःचं रडू अर्ध्यावर ठेवून त्यानं दुसऱ्या माणसाकडे पाहिलं, तिच्यावर काही ओझं आहे हे ओळखलं, आणि ते पेलवलं की नाही हे तिलाच विचारलं. मी ज्या परीक्षा दिल्या त्यांतल्या कुठल्याच कागदावर याला गुण द्यायला रकाना नाही. मी उद्या तो आखणार आहे.

मी लगेच उत्तर दिलं नाही. आलं नव्हतं. तो थांबला. मी रडून घेतलं, तो धरून बसला, मग त्यानं पुन्हा विचारलं. तेव्हा मी म्हणाले, आलं. आणि म्हटल्याबरोबर हात सुटले. क्षणभरही जास्त नाही. ज्या बाईनं त्याचं तीनदा ऐकून सोडलं नव्हतं, तिला त्यानं एका शब्दावर सोडलं. मग उठून तो पाणी प्यायला, आणि दुसरा ग्लास भरून त्यानं माझ्यापुढे आदळला.

धरणं ते धरणंच, हे माझं म्हणणं अजून तसंच आहे, तुम्ही गेलात म्हणून मी ते मागे घेणार नाही. सुचेल ते सगळं आधी करीन, टेबलं हलवीन, तक्ते भरीन, वाईट बातम्या वेळेवर सांगीन. पण तुमच्याशी भांडताना स्वतःला धरवून घेऊन मी कधी पाहिलं नव्हतं, ते आज माझ्या अंगावरून गेलं. यापुढे हे भांडण मला दोन्ही बाजूंनी करावं लागणार.

सर खुर्चीच्या दांड्यावर हात ठेवून उभेच होते. हे काय होतं, असं त्यांनी विचारलं. मी तिथेच फरशीवर बसून त्यांना सांगितलं, पोतं, पाठ, शब्द, सगळं. त्यांनी वॉचमनलाही बसून ऐकायला लावलं. मग खुर्ची ढकलत बाहेर नेली आणि दुकानदाराला फोन केला की घेऊन जा. प्रफुल्ल राहतोय, शालिकभाऊ. कसा राहील, कोण काय शिकेल, ते सोमवारपासून बघू, पण राहतोय.

हे सांगायला मी त्याच्या वडिलांना फोन लावला. ते बांधावरच होते. मी भडाभडा सगळं सांगितलं, तुम्ही, हमाली, आजची दुपार, प्रश्न. ते हूं हूं करत होते. मग मध्येच थांबवून विचारलं, कोन्ता शब्द म्हनला तुम्ही? मी म्हणाले, आलं. फोनमागे बेडूक ओरडत होते.

“घरी रोज म्हंते तो, बाई. दोरीनं बांधला का लगेच म्हंते, आलं, आलं. आमी दाराकडं पाहतो, कोन आलं म्हून. दारात कोनी राहत नाई.”

तेच पुन्हा बोलले, अगदी हळू.

“म्हंजे सोडाचं होतं का?”

मी हो म्हणाले. आणि त्या माणसाला तसं एकट्याला ठेवून फोन बंद करणं मला जमेना. जे तुम्ही विचारलंत तेव्हा सांगितलं नाही, ते मी त्याला सांगितलं: मागच्या उन्हाळ्यात तुमचा मुलगा मलाही तीनदा म्हणाला होता, मला अर्थ माहीत होता, आणि मी सोडलं नव्हतं. मी शिव्या ऐकायच्या तयारीनं थांबले. ते म्हणाले, उद्या पयल्या गाडीनं येतो, मले शिकवा.

या, मी म्हणाले, पण शिकवणारी मी नाही. तुम्ही प्रफुल्लसमोर पाठ करून बसा, आणि तो विचारील तेव्हा खरं सांगा.